चौथी फळी

दि. ७ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा मनाई केलेली असताना तू सभेला यायला बसस्टॉपपर्यंत गेली होतीस, हे तुझ्या सुनेने वहिनींना कळवलं. बरं झालं तिने परत आणलं. फोन करणार होतो, पण फोनवर मी हं आणि बरं यापलीकडे जात नाही, आणि तुला ते चालत नाही. म्हणून पत्र.

दादाची शोकसभा परवा झाली. शाळेचा हॉल मिळाला होता. दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या, त्या पुरल्या नाहीत. मागे उभे राहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे कृत्रिम पाय आपल्या कारखान्यात केलेले. त्यांना बसायला द्यावं म्हणून धडधाकट लोक उठायला लागले, तर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की हा पाय उभं राहायलाच करून घेतलाय, तुम्ही बसा. दादा असता तर खूश झाला असता.

मी बोलावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. चाळीस वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर काम केलेला मीच. मी एका कागदावर दहाबारा ओळी लिहिल्या होत्या. वहिनींनी सकाळी वाचून पाहिल्या आणि रजेचा अर्ज वाटतो म्हणाल्या. म्हणून तो कागद खिशातच ठेवला आणि एक प्रसंग सांगितला. बावीस वर्षांपूर्वी आपल्याकडे टपालवाल्या बाईंचा पाय केला होता. गुडघ्याखालचा, उजवा. तो एक सेंटीमीटर आखूड झाला. रोज दहाबारा किलोमीटर चालणारी बाई, आठ महिने कंबर धरून चालली आणि मग आली. दादाने सगळ्यांसमोर सांगितलं, की मोजमाप बरोबर होतं, पाय करताना माझ्या हातून कमी झाला, चूक माझी. त्या दिवसापासून प्रत्येक माप दोघांनी घ्यायचं हा नियम त्याने घातला आणि शेवटपर्यंत पाळला. चूक सगळेच करतात, पण स्वतःची चूक भिंतीवर नियम म्हणून लावणारा माणूस मी एकच पाहिला, असं मी शेवटी म्हणालो. हे वाक्य मला आधी सुचलं नव्हतं. बोलता बोलता आलं.

नंतर किती लोकांनी हात हातात घेतला सांगता येत नाही. सभेचे अध्यक्ष म्हणाले की तुमच्या तोंडात जीभ आहे हे आम्हाला आज कळलं.

त्या टपालवाल्या बाई हॉलमध्ये होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. आता निवृत्त झाल्या आहेत. सगळे पांगल्यावर त्या जवळ आल्या. म्हणाल्या की बावीस वर्षं मी तुमच्या भावावर राग धरून होते, आज तो राग गेला. तुम्ही सख्ख्या भावाची चूक झाकली नाहीत. आणि तेव्हासुद्धा तुम्हीच तेवढे माझ्याशी गोड बोलला होतात, असंही म्हणाल्या.

तेव्हापासून मी घरी आहे. घसा बसला आहे, थोडा तापही होता. वहिनींनी कारखान्याची किल्ली काढून घेतली आहे आणि तीन दिवस विश्रांती घ्यायला सांगितली आहे. मी वरच्या खोलीत पडून असतो, खाली त्यांच्या भांड्यांचा आवाज येतो. मला वाटलं होतं की बोलून झालं की मोकळं वाटेल. तसं वाटत नाही. वहिनी सभेनंतर छान बोललात भावजी एवढंच म्हणाल्या आणि त्यानंतर त्या विषयावर काही नाही.

गुडघ्याला जप. तुझा लोभ लहानपणापासून फुकट मिळत आला आहे, तो तसाच चालू ठेव.

तुझा,
धाकटा

---

दि. ११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा रडायला, एकदा सुनेला ऐकवायला आणि एकदा तू त्यात काय लिहिलं नाहीस ते बघायला. लहानपणी तुला काही झालं की तू आधी माझ्या तब्येतीची चौकशी करायचास. गुडघा बरा आहे. दोनदा चौकशी केलीस म्हणून विचारते, तुला काय झालंय?

भाषण चांगलं झालं असणार. इथे दोघांचे फोन आले. एकाने तर मला सांगितलं की तुमच्या भावाने हॉल रडवला. मी म्हटलं कोणता भाऊ, मुका? त्याला पटवायला दहा मिनिटं गेली.

पण एक गोष्ट मला कळत नाही. दादा मला सगळं सांगायचा. दूध उतू घालवलं तरी सांगायचा आणि वर दुधाचाच दोष कसा हेही सांगायचा. बावीस वर्षांत त्याने हा आखूड पाय मला एकदाही सांगितला नाही. माणूस भिंतीवर लावतो ते बहिणीला सांगत नाही? काही असेल. मी म्हातारी झाले, विसरलेही असेन.

तीन दिवस विश्रांती म्हणजे तीन दिवस छताकडे बघणं नव्हे. उठून आंघोळ कर, खाली जाऊन वहिनीला भाजी निवडून दे. गप्प माणसाला गप्प माणसाची सोबत बरी असते.

माया आहेच, ती कमी करायचं कारण अजून तू दिलेलं नाहीस.

तुझी,
ताई

---

दि. १२ नोव्हेंबर

ती. काकांस,
चिऊचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. दुसऱ्या दिवशीच कामावर गेले. कामात बरं वाटतं.

काका, तुम्ही सभेत बोललात ते मला कायम लक्षात राहील. बाबा शनिवारी ज्या संस्थेत शिकवायला जायचे त्यांचा निरोप आला आहे. त्यांना तुमचं भाषण त्यांच्या पुस्तिकेत छापायचं आहे. दर वर्षी नवे विद्यार्थी येतात त्यांना ते पहिल्या दिवशी वाचायला देणार आहेत. तुम्ही आठवून लिहून दिलंत तर मी टाइप करून पाठवेन. या महिन्याच्या अखेरीपर्यंत हवं आहे.

लिहिताना एक तारीख तेवढी बघाल का? तुम्ही म्हणालात ते दिवस मला पक्के माहीत आहेत, कारण मी सहा वर्षांची होते आणि मला टायफॉईड झाला होता. दवाखान्यात अकरा दिवस बाबा माझ्या उशाशी होते. कारखान्यात एकदाही गेले नाहीत, कारण गेले की मी रडायचे. त्यांनी मला त्या अकरा दिवसांत कागदाच्या एकोणीस बोटी करून दिल्या होत्या. मग तो पाय त्यांनी केव्हा केला? कदाचित तारीख मागेपुढे झाली असेल.

आईला विचारलं. ती म्हणाली काकांना विचार.

घसा सांभाळा. माझ्यावर लोभ आहे हे गृहीतच धरते.

तुमची,
चिऊ

---

दि. १६ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस तेव्हा टाळणार होतो. पण चिऊचंही पत्र आलं आहे आणि तिला काय लिहू ते कळत नाही. म्हणून आधी तुला लिहितो.

तो पाय दादाने केला नव्हता. मी केला होता. माप मी घेतलं, पाय मी केला आणि घालून मीच पाहिला. दादा चिऊपाशी दवाखान्यात होता आणि पहिल्यांदाच सगळा कारखाना माझ्या हाती होता.

माप कसं घेतो ते थोडक्यात सांगतो. माणसाला जुना पाय घालून उभं करायचं आणि आखूड बाजूच्या पावलाखाली सेंटीमीटर जाडीच्या छोट्या फळ्या सरकवत जायचं. कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत आली की थांबायचं आणि फळ्या मोजायच्या. बाईंच्या पायाखालच्या फळ्या मी उचलता उचलता मोजल्या. तीन. हात प्लास्टरने ओले होते आणि बाहेर चार माणसं बसली होती. कागदावर तीन लिहिलं.

संध्याकाळी पेटी आवरताना दोन फळ्या प्लास्टरने एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या. उचलताना ती जोडी एक म्हणून मोजली गेली असेल तर त्या चार होत्या. किंवा ती जोडी पेटीतच राहिलेली असेल, बाईंच्या पायाखाली गेलीच नसेल. ते कळायचा एकच मार्ग होता, बाईंना परत बोलावणं. त्या रजा टाकून आल्या होत्या. आणि दादा परत आल्यावर त्याला कळलं असतं की एकट्याने कारखाना सांभाळताना पहिल्याच मापाला धाकट्याने माणूस परत बोलावला. मी सुरी घेऊन फळ्या सोडवल्या, खरवडून पुसल्या आणि पेटीत ठेवल्या. ती जोडी पेटीतलीच होती असं ठरवून टाकलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी चूक म्हणालो असतो. नवव्या दिवशी बाई पाय घालून बघायला आल्या. त्या चालल्या तेव्हा मला दिसलं. उजवीकडे कंबर जरा खाली जात होती. त्यांनीच विचारलं की जरा आखूड वाटतो का. मी म्हणालो की तुम्हाला जुन्या पायामुळे एका बाजूला कलून चालायची सवय लागली आहे, ती हळूहळू जाईल. हेच ते माझं गोड बोलणं. त्यांनी विश्वास ठेवला आणि आठ महिने स्वतःच्याच चालीला दोष देत चालल्या.

त्या जुना पायही घेऊन परत आल्या, तेव्हा दादाने तो घालायला लावून पुन्हा माप घेतलं. चार फळ्या. त्याने माझं अक्षर असलेला जुना कागद काढून बघितला आणि घडी घालून खिशात टाकला. मग बाईंना म्हणाला की मोजमाप बरोबर होतं, पाय करताना माझ्याकडून कमी झाला. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही. त्याने नवा पाय करून देतो म्हणून हात जोडले, तर त्या तो घ्यायलाही थांबल्या नाहीत, दुसरीकडे गेल्या. दादाने मला नंतर एक शब्द विचारला नाही. दोघांनी मापायचा नियम तेवढा घातला. मी समजलो की त्याने मला माफ केलं. त्याला वाटलं असेल की मोजण्यात चुकलो. सुरीचं आणि नवव्या दिवसाचं त्याला माहीत नव्हतं. आज तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

सभेत हा प्रसंग का सांगितला, हे मी विश्रांतीचे सगळे दिवस स्वतःला विचारतो आहे. दादाचा मोठेपणा सांगायला दुसरं काही सुचलं नाही, हे खरं आहे. पण मला वाटतं की बावीस वर्षांत ती गोष्ट मनात इतक्यांदा त्याच्या नावावर घातली होती की ती त्याचीच झाली होती. बोलताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा वाटलं.

वहिनी माझ्यासमोर जेवायचं ताट ठेवतात, काही म्हणत नाहीत. ते अकरा दिवस त्यांनाही माहीत आहेत.

काय करू ते सांग. हे वाचूनही लोभ ठेवशील तर मला कळव, नाही तरी कळव.

धाकटा

---

दि. २० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी एक पत्र लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात तुला जे म्हणायचं ते म्हणून झालं, आता शांतपणे लिहिते.

दादाने तुला माफ केलं होतं असं तुला वाटतं. तू त्याच्या शेजारी चाळीस वर्षं बसलास, पण मी त्याच्यासोबत वाढले. तो विचारणारा नव्हता, वाट बघणारा होता. माझ्या लग्नाआधी मी आईची बांगडी हरवली तेव्हा त्याने आपल्यावर घेतलं आणि मला काही बोलला नाही. सहा दिवसांनी मी आईला खरं सांगितलं, तेव्हा मला म्हणाला की सहा दिवस फार लावलेस. तुझ्याबाबतीत तो बावीस वर्षं वाट बघत गेला. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. पण तू माफी म्हणून जे घेतलंस ते उसनं होतं.

आता काय करायचं ते सांगते. वहिनीला आणि चिऊला सांग. आजच सांग, उद्यावर टाकू नकोस. त्यांच्या माणसाच्या नावावर तू दोनशे खुर्च्यांसमोर चूक घातलीस, त्यांचा तो हक्क आहे.

त्या टपालवाल्या बाईंकडे मात्र जाऊ नकोस. माझं ऐक. बाईचा राग बावीस वर्षांनी गेला, ती आता रात्री सुखाने झोपत असेल. तू जाऊन तिच्या दारात आपलं ओझं उतरवणार, तुला हलकं वाटणार आणि ती पुन्हा सगळं डोक्यावर घेऊन बसणार. ज्याने कंबर दुखवली त्यानेच झोपही न्यावी हे बरं नाही. झाकली मूठ काही वेळा दुसऱ्यासाठीही झाकावी लागते.

माया कमी झालेली नाही. मी मोजून बघितली.

तुझी,
ताई

---

दि. ३० नोव्हेंबर

चि. चिऊस,
काकाचे अ. उ. आ.

आठवड्यापूर्वी फोनवर मी तुला सगळं सांगितलं तेव्हा तू जेवलात का एवढंच विचारलंस. त्या दिवशी त्याआधी तुझ्या आईला सांगितलं होतं. त्या भाजी चिरत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या की मी सभेत उठून तिथल्या तिथे बोलणार होते, पण हे असते तर त्यांनी मला हात धरून खाली बसवलं असतं, म्हणून बसले. मग म्हणाल्या की आता मला सांगून काय उपयोग, मला माहीतच होतं, जिला माहीत नाही तिला सांगा.

ताईचं म्हणणं उलट होतं. ताईचं मला पटलं होतं, कारण ते सोयीचं होतं. दोन दिवस मी त्या सोयीत काढले. मग गेलो.

बाई पोस्टाच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर राहतात. मला बघून त्यांना आनंद झाला. खुर्ची पुसून दिली. मी बसलो नाही. जे ताईला लिहिलं होतं ते सगळं सांगितलं. फळ्या, सुरी, नववा दिवस. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, की फळ्या सुरीने सोडवल्या त्या संध्याकाळी मी पुढे काय केलं. मी म्हणालो की घरी आलो, जेवलो आणि झोपलो. झोप लागली का, असं विचारलं. लागली, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या की मला एवढंच पाहिजे होतं, ती रात्र रडत काढलेल्या माणसाला रागावता येत नाही, पण झोप लागलेल्याला येतं.

आणि मग त्या रागावल्या. फार वेळ नाही, पण मी ते इथे लिहीत नाही. ते माझं आहे.

राग उतरल्यावर त्या स्वतःच खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की तुमच्या भावाला मी बावीस वर्षं वाईट म्हणत फिरले, त्याचं काय करायचं? माझा धंदाच दारोदार जायचा. कोणाच्या घरी पाय गेलेला माणूस आहे असं कळलं की मी पत्र हातात देता देता सांगायचे, त्या कारखान्यात जाऊ नका, तो थोरला भाऊ कच्च्या हाताचा आहे. किती घरं असतील हे त्यांना मोजता येईना. मी म्हणालो की मी भाषण दुरुस्त करून पुस्तिकेत छापून देतो. त्या म्हणाल्या की माझ्या टापूतले लोक पुस्तिका वाचत नाहीत, दाराशी येऊन सांगितलेलं ऐकतात. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघून रविवार सकाळी नऊ वाजता असं सांगितलं. मला माफ केलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आज तो रविवार होता. मी नऊला पोचलो, त्या आधीच खाली उभ्या होत्या. पहिली गल्ली त्यांनीच ठरवली होती. त्या पुढे, मी मागे. चार घरं झाली.

पहिल्या घरी एक आजोबा होते. मी हॉलमध्ये बोललो तसाच सुरुवातीपासून बोलायला लागलो, की आमचे दादा कसे होते, कारखाना कसा सुरू झाला. आजोबांना ऐकू कमी येतं आणि त्यांना आधीचंही काही आठवत नव्हतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि बाईंना विचारलं की हे गृहस्थ काय विकतात. त्या हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

दुसऱ्या घरी हसण्यासारखं काही नव्हतं. तिथल्या बाईंच्या यजमानांचा पाय गेला होता. आपल्या टपालवाल्या बाईंचं ऐकून ते आपल्याकडे आले नाहीत, रेल्वेने सहा तास लांब जायचे. प्रत्येक वेळी पाय दुरुस्त करायला सहा तास जायचं आणि सहा तास यायचं. अकरा वर्षं. मग जाणंच सोडलं आणि घरात बसले. चार वर्षांपूर्वी गेले. त्या बाई दार धरून माझ्याकडे बघत राहिल्या. तुमचा कारखाना इथून चालत किती, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पंधरा मिनिटं. मग त्यांनी दार लावलं. जोरात नाही.

जिना उतरताना बाई कठड्याला धरून थांबल्या. त्याही यात आहेत हे त्यांना तिथे कळलं असावं. मला वाटलं की आता त्या घरी जाऊया म्हणतील. मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या की टपाल अर्धवट टाकून मी कधी घरी गेले नाही. आणि म्हणाल्या की तुम्ही फार बोलता. दादा कसे होते ते लोकांना नकोय. तुम्ही काय केलंत तेवढं सांगा.

पुस्तिकेचा आज शेवटचा दिवस, पत्र पोचेपर्यंत तो उलटेल. भाषण छापू नये असं संस्थेला कळव. त्याऐवजी काही हवंच असेल तर उरलेल्या दोन घरांत मी जे बोललो तेवढंच छापा. टाइप करायला तुला फार वेळ लागणार नाही: माप मी चुकलो. संध्याकाळी मला कळलं. मी बोललो नाही.

तुझ्या आईने मला आज खाली जेवायला बोलावलं आहे, म्हणून पत्र इथेच आटोपतो. लोभ ठेवायचा की नाही हे तू तुझं सावकाश ठरव, मला घाई नाही.

तुझा,
काका